गच्चीवर सात शनिवार: भयपट पाहण्याच्या खटाटोपाच्या नोंदी

१५ नोव्हेंबर, शनिवार

घरच्या घरी भयपट पाहताना कोणीच घाबरत नाही, ही माझी जुनी तक्रार. दिवाणखान्यातला टीव्ही, वर ट्यूबलाइट, मधेच कुकरची शिट्टी, आणि सिनेमा संपला की बाबांचं ठरलेलं वाक्य, ‘काही दम नाही.’ मग बाकीचेही तेच म्हणतात. दम सिनेमात नाही की आमच्या पाहण्यात, हे मला एकदा नीट तपासायचं आहे. म्हणून सात शनिवार, सात भयपट किंवा थरारपट, सगळे गच्चीवर. पाहणारे घरचेच आठजण: आई, बाबा, दादा, वहिनी, मावशी, भाचा, शेजारचे काका आणि मी.

हिवाळा निवडला त्याला कारण आहे. नागपुरात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी. साडेसहाला मिट्ट अंधार, म्हणजे पावणेसातला सुरू केलेला सिनेमा दहाच्या आत संपतो. दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला नियमानं बंदी आहे, त्यामुळे हे गणित महत्त्वाचं.

प्रोजेक्टर जुनाच घेतला, ९,५०० रुपयांना. खोक्यावर ‘फुल एचडी सपोर्ट’ लिहिलं होतं. घरी आणून पाहिलं तर मूळ चित्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचंच. ‘सपोर्ट’ म्हणजे मोठं चित्र तो आत घेतो, दाखवतो मात्र लहान करून. उजेडाचा खोक्यावरचा आकडाही असाच फुगवलेला. घेणाऱ्यानं विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: नेटिव्ह रिझोल्यूशन (पडद्यावर खरोखर पडणारे ठिपके) किती, आणि एएनएसआय ल्युमेन (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड) किती. मी विचारले नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार. ‘तुंबाड’ (२०१८), पहिला प्रयत्न

सगळंच फसलं. जसं घडलं तसं लिहितो.

फोनवरून मिररिंग करून, म्हणजे फोनवरचं चित्र जसंच्या तसं प्रोजेक्टरवर नेऊन, सिनेमा लावायचा विचार होता. आवाज आला, चित्र काळं. पंधरा मिनिटं वायर काढ, वायर लाव. नंतर कळलं की पैसे भरून घेतलेली बरीच अॅप्स मिररिंगवर चित्र अडवतात, नक्कल होऊ नये म्हणून. दादा गाडी काढून सीताबर्डीला गेला आणि प्रोजेक्टरला थेट लागणारी स्ट्रीमिंग स्टिक घेऊन आला, २,८०० रुपये. पावणेसातचा सिनेमा आठ वाजता सुरू.

पडदा म्हणजे पांढरी चादर, पीव्हीसी पाइपच्या चौकटीला क्लिपा लावून. चित्र तिरकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, १२० इंचांचं केलं, कारण मोठं म्हणजे चांगलं असं वाटलं होतं. आणि ‘तुंबाड’ हा सिनेमा सगळा पावसाचा, कंदिलाचा, वाड्याच्या काळोखाचा. आमच्या चादरीवर तो काळोख राखाडी झाला होता. सिनेमातल्या आजीच्या खोलीतलं दृश्य चाललं होतं तेव्हा मावशी म्हणाली, ‘काही दिसूनच नाही राहिलं ना रे बाबू. कोण बोलून राहिलं?’

शेवटी बाबा म्हणाले, ‘काही दम नाही.’ मग सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दहापैकी गुण विचारले होते. सरासरी तीन आली.

हा सिनेमा मी थिएटरात पाहिलेला आहे. तो तीनचा नाही. बाकीची सात माणसं चुकीचं मत घेऊन जिना उतरली आणि ते मत मी त्यांना दिलं, याचं मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवस मोडला, पण कारण सापडलं. संध्याकाळी प्रोजेक्टर बंद ठेवून नुसत्या चादरीसमोर बसलो. चादर चांगली उजळ दिसत होती. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही; तो फक्त तिथे कमीत कमी उजेड टाकतो. म्हणजे आपल्या पडद्यावरचं काळं हे प्रोजेक्टर बंद असताना कापड जेवढं काळं दिसतं फार तर तेवढंच, त्याहून एक कणही जास्त नाही. हे आधी कळलं असतं तर शनिवार वाचला असता.

उजेड तीन ठिकाणांहून येत होता. फाटकासमोरच्या खांबावरचा एलईडी दिवा थेट चादरीवर. शेजारच्या जिन्यातला बल्ब. आणि तिसरा, जो माझ्या ध्यानातच येईना: आमची स्वतःची गच्ची. उन्हाळ्यात स्लॅब तापू नये म्हणून एप्रिलमध्ये तिला पांढरा रंग मारून घेतो, इथे पुष्कळ घरांत मारतात. चादरीवरचा उजेड त्या पांढऱ्या फरशीवर पडत होता आणि उलटून परत चादरीवर जात होता. उजळ दृश्य आलं की चित्रातले काळे भागही त्याच्याबरोबर उजळत होते.

उपाय:

पडद्याची पाठ रस्त्याकडे केली. त्या बाजूच्या कठड्यावर ताडपत्री बांधली, ४५० रुपये. काकांनी त्यांच्या जिन्यातला बल्ब तीन तास बंद ठेवायचं कबूल केलं. पडद्यासमोरच्या फरशीवर घरातल्या गडद सतरंज्या आणि आजीची काळी घोंगडी अंथरली. घोंगडीनं सर्वांत जास्त फरक पडला आणि तिला खर्च शून्य.

चादर बाद. पुढच्या बाजूनं पडणारा बराच उजेड ती मागे सोडते. फ्लेक्सची उलटी बाजू वापरून पाहिली, ३०० रुपये पाण्यात, कारण ती चकाकते आणि चित्राच्या मधोमध प्रोजेक्टरचा दिवा दिसतो. शेवटी गांधीबागेतून पडद्याचं ब्लॅकआउट (उजेड आरपार न सोडणारं) कापड आणलं, अडीच मीटर, ५५० रुपये. पन्हा ५४ इंच. १०० इंचांच्या चित्राची उंची ४९ इंच होते, म्हणजे मधे शिवण येत नाही. १२० इंचांना ५९ इंच लागते, तिथे शिवण आलीच आणि ती प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून जाते. चित्र १२० वरून १०० वर आणलं की तोच उजेड कमी जागेत पडतो आणि चित्र जवळपास दीडपट उजळतं. लहान करा. खरंच लहान करा.

मतांचंही बदललं. यापुढे सिनेमा संपला की कोणी काही बोलायचं नाही, आधी चिठ्ठी लिहायची. गुण नकोत, आईचा सहा आणि भाच्याचा सहा एक नसतो. तीन प्रश्न: कुठे दचकलात, कुठे कंटाळलात, उद्या हा सिनेमा कोणाला पाहायला सांगाल.

२९ नोव्हेंबर, शनिवार. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८)

आंधळे पण तीक्ष्ण कानांचे प्राणी, आणि आवाज न करता जगणारं एक कुटुंब. दीड तासाचा सिनेमा, हिंदीत लावला, तसंही संवाद फार नाहीत. पडदा आता पुष्कळ बरा. पीव्हीसीची चौकट मात्र मधोमध झुकली होती, चित्राचा वरचा काठ तोरणासारखा दिसत होता.

चूक माझी: लग्नाची तिथी पाहिली नाही. बाई बाथटबमध्ये तोंड दाबून कळा सोसते आहे, आठही जण श्वास धरून बसलेत, आणि चौकातून वरात वळली. डीजे, फटाके, घोडी. सिनेमा थांबवला. पस्तीस मिनिटं थांबलो, आईनं तेवढ्यात चहा केला. परत लावला तेव्हा आधीचा ताण उरला नव्हता. आवाजावर चालणारा सिनेमा घेणार असाल तर लग्नसराईच्या बाहेरची तारीख घ्या.

तरी बाबांची चिठ्ठी इथे पूर्ण उतरवतो. बाबांना उजव्या कानात यंत्र आहे. सिनेमातल्या मुलीच्याही कानात यंत्र आहे, आणि तिच्या नजरेतून दृश्य दाखवतात तेव्हा सिनेमाचा आवाजच जातो. (ती भूमिका करणारी मुलगी, मिलिसेंट सिमंड्स, खरोखर कर्णबधिर आहे.) बाबांनी दचकण्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पोरीच्या मागे तो प्राणी उभा राहिला आणि तिला ऐकू नाही आलं तेव्हा. असंच होते. मागून गाडी येते, समजत नाही.’ आजवर बाबा हे आम्हाला बोलले नव्हते. चिठ्ठी नसती तर पुन्हा ‘दम नाही’वरच भागलं असतं.

भाच्याची तक्रार: एवढा धोका असताना मूल होऊ कसं दिलं? वहिनीनं तिच्या चिठ्ठीत, न विचारता, त्याला उत्तर लिहिलं होतं: ‘एक लेकरू गेल्यावर घर कसं होते ते त्या बाईच्या तोंडावर दिसते.’ दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचल्या.

६ डिसेंबर, शनिवार. ‘सायको’ (१९६०)

चौकट बदलली. इतवारीतल्या लोहाओळीतून लोखंडी चौकोनी पाइप घेतला, गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतला, १,६५० रुपये. पाय म्हणून कूलरची दोन स्टँडं. हिवाळ्यात कूलर खाली, स्टँड रिकामी, आणि ती बनवलेलीच असतात भरला कूलर पेलायला. पीव्हीसीचे ६४० रुपये वाया.

हा कृष्णधवल सिनेमा आमच्या साध्या प्रोजेक्टरवर सर्वांत चांगला दिसला. पांढरं बाथरूम, काळी सावली, मधलं फारसं काही नाही. कमी ताकदीचा प्रोजेक्टर असेल तर पहिल्या दिवशी कृष्णधवलच लावा, मी उलट केलं.

पण मोरीतल्या त्या दृश्यात बिघाड उघडा पडला. सुरी खाली येते आणि व्हायोलिनची किंकाळी तिच्या मागून येते. अगदी थोडी, पण मागून. दिग्दर्शक हिचकॉकला आधी हे दृश्य संगीताशिवाय हवं होतं, संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही संगीत रचलं आणि ते ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. ज्या संगीतामुळे दिग्दर्शकानं मन बदललं, तेच आमच्याकडे उशिरा पोचत होतं. दोष ब्लूटूथ स्पीकरचा. ब्लूटूथवर आवाज डोळ्याला जाणवेल एवढा मागे पडू शकतो. गाण्यांना चालतं, दचकवण्याला नाही चालत. दचकणं हे चित्र आणि आवाज एका क्षणी आदळण्यावरच उभं असतं.

मतं: वहिनीला खुनापेक्षा आधीचा भाग भावला. पैसे घेऊन पळालेली बाई, गाडीच्या काचेतून पाहणारा काळ्या चष्म्याचा पोलीस. ‘पोटात गोळा तिथेच आला,’ असं लिहिलंय. शेवटी डॉक्टर सगळं समजावून सांगतो तिथे पाचजणांनी ‘कंटाळलो’ लिहिलं. मलाही ते भाषण नको वाटतं. आईला मात्र ते हवं होतं: ‘नाहीतर मले रात्रभर तोच विचार आला असता.’

७ डिसेंबर, रविवार

माळ्यावरचा जुना अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर काढले. एका स्पीकरचा आतला पडदा (कोन) फाटलेला, दुरुस्ती ४०० रुपये. दहा मीटरची ऑडिओ वायर ३५०. लावल्याबरोबर ‘घूंऽऽ’ असा गुणगुणाट. दोन तास शोधत बसलो. वायर विजेच्या एक्स्टेंशन बोर्डाच्या केबलला चिकटून पूर्ण लांबीभर गेली होती. कठड्याच्या दुसऱ्या बाजूनं फिरवली, गुणगुणाट गेला.

१३ डिसेंबर, शनिवार. ‘लपाछपी’

मराठी सिनेमा, दिग्दर्शक विशाल फुरिया, पूजा सावंत आणि उषा नाईक. यावरूनच पुढे हिंदीत ‘छोरी’ (२०२१) आला, तोही फुरियांचाच. हा निवडला कारण यातली भीती पुष्कळशी दिवसाउजेडी आहे. उसाच्या फडात चहूकडे सारखंच दिसतं, वाट सापडत नाही, आणि ऊन आहे. आमचा काळोख अजून शंभर टक्के जमला नव्हता. इथे त्याचं अडलं नाही.

अडलं वाऱ्याचं. आठच्या सुमारास गार वारा सुटला आणि कापड शिडासारखं फुगायला लागलं. उषा नाईकांचा चेहरा एका बाजूनं सुजल्यासारखा. भाचा चौकटीला धरून अर्धा तास उभा राहिला आणि त्याचा अर्धा सिनेमा गेला. त्याला मी वेगळा दाखवणार आहे, वचन दिलंय.

चिठ्ठ्यांमध्ये या सिनेमावर सर्वांत जास्त लिहिलं गेलं, आणि सर्वांत जास्त मावशीनं. मावशी हिंगणघाटची, तिकडे कापूस, ऊस नाही. पण तिनं लिहिलं: ‘त्या म्हातारीचं भेव नाही वाटलं. ती भाकर वाढते, लाड करते, आणि पोटाकडे पायते, त्याचं वाटलं. अशा बाया मी पायल्या आहेत.’ सिनेमाचा विषय स्त्रीभ्रूणहत्येचा. काकांचं मत, शेवटी उपदेश जास्त झाला. मावशीनं ते ऐकलं आणि एवढंच म्हणाली, ‘तुम्हाले जास्त वाटला.’ त्यावर कोणी बोललं नाही. मला मावशीचं पटतं. उपदेश आहे हे खरं, पण तोवर सिनेमानं तो कमावलेला असतो.

१४ डिसेंबर

वाऱ्यावर उपाय: कापडाच्या चारी कडांना दर सहा इंचांवर रिंगा मारल्या, १२० रुपये, आणि सायकलच्या फाटक्या ट्यूबचे पट्टे कापून त्यांनी कापड चौकटीला ताणून बांधलं. दोरीनं बांधलं की वाऱ्याचा सगळा जोर एका कोपऱ्यावर येतो. रबर सगळीकडून थोडं थोडं देतं आणि परत ओढून घेतं. पंखा लावून तपासलं, सुरकुती नाही.

२० डिसेंबर, शनिवार. ‘कौन’ (१९९९)

एक घर, पाऊस, तीन माणसं, गाणं एकही नाही. बातम्यांत सुटलेला खुनी, आणि दारावर मनोज बाजपेयी, मल्होत्रा साहेबांना विचारत. दीड तासाच्या आसपास संपतो.

डाव्या स्पीकरची वायर दोन हात कमी पडली, म्हणून तो मागे जिन्याच्या दाराशी ठेवावा लागला. सिनेमातली घंटा वाजली ती आमच्याच जिन्यातून. आईनं तीनदा वळून पाहिलं. दादाच्या चिठ्ठीत दचकण्याच्या रकान्यात फक्त ‘घंटा, घंटा, घंटा’. पण बाबांना संवाद अर्धेच पोचले, कारण अर्धा आवाज त्यांच्या पाठीमागे. मी तो स्पीकर परत पुढे आणला. एका घंटेसाठी बाबांचा सिनेमा घालवणं मला मान्य नाही.

आवाज फोनवर मोजला. फोनचं माप काटेकोर नसतं, पण कालच्याशी आजचं ताडून पाहायला पुरतं. सात वाजता सिनेमा बंद असताना गल्लीचाच आवाज ५२ डेसिबल, साडेनऊला ४१. म्हणजे सिनेमाचा हळू, कुजबुजीचा भाग आठनंतर आला तर आवाज न वाढवताही ऐकू येतो. त्यामुळे आता सात वाजता सुरू करतोय. आधीची पंधरा मिनिटं गल्लीला दिली.

२७ डिसेंबर, शनिवार. ‘अंधाधुन’ (२०१८)

यंत्रणेचं काही बिघडलं नाही. नोंद फक्त मतांची. पुण्यातला आंधळा पियानोवादक, खरंच आंधळा की नाही, आणि तब्बू. सव्वादोन तासांत कंटाळल्याच्या रकान्यात आठही चिठ्ठ्या कोऱ्या, हे पहिल्यांदाच झालं.

चिठ्ठ्या गोळा केल्यावर जे भांडण सुरू झालं ते जिना उतरून, जेवण होऊन, भांडी घासेपर्यंत चाललं. ससा कशासाठी? शेवटी काठी कशाला लागते? भाचा म्हणे तो खोटं सांगतो. आई म्हणे, ‘खोटं सांगत असन तं सांगू दे, त्यानं लय भोगलं.’ शेवट इथे फोडत नाही. पण घरातल्यांना बोलतं करायचं असेल तर भुतापेक्षा हा सिनेमा लावा.

३ जानेवारी, शनिवार. ‘तुंबाड’, दुसरा प्रयत्न

सातवा शनिवार मुद्दाम राखून ठेवला होता. थंडी कडाक्याची, सगळे ब्लँकेटांत, मधे निखाऱ्यांची शेगडी ठेवणार होतो. तिचा लाल उजेडही पडद्यावर येतो हे पाहून ती जिन्यात नेली. बाकीच्या सातजणांनी गारठा सहन केला, त्यांचे आभार.

सात वाजता सुरू, पावणेनऊला संपला. तोच प्रोजेक्टर, तोच सिनेमा. पाऊस आता पाऊस दिसत होता. आजीच्या खोलीत कंदिलाच्या पलीकडे काहीतरी आहे एवढंच दिसायचं आणि तेवढंच दिसायला हवं. दोर धरून सिनेमाचा नायक विनायक विहिरीत उतरतो, ते लाल गर्भगृह, पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली. सोनं ज्याच्याजवळ आहे तो हस्तर नावाचा सिनेमातला शापित देव धान्याला मुकलेला, म्हणून पिठावर तुटून पडणारा. पीठ जमिनीवर पडतं तो आवाज लाकडी स्पीकरातून स्वच्छ आला. कोणी बोललं नाही. मावशीनं ब्लँकेट डोळ्यांपर्यंत ओढलं, पण खाली केलं नाही.

बाबांची चिठ्ठी: ‘मागच्या वेळी मी चूक बोललो. पोरगं बापापेक्षा हावरं निघते, तिथे जास्त भेव वाटलं.’

दादा: ‘मधे थोडा लांबतो.’ मला नाही वाटत, पण चिठ्ठी त्याची आहे.

आईनं दचकण्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांची कणीक मळत होती, मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. परातीत गोळा झाला होता. तिनं त्याला बोट लावलं, खळगा पडला, आणि हात तसाच ठेवून म्हणाली, ‘रात्री लिवलं नाही मी. आता लिव. इथे.’

१० जानेवारी, शनिवार

संक्रांतीला गच्ची पतंगांची, म्हणून चौकट उतरवली. चार स्क्रू, दहा मिनिटं. कापड घडी न घालता पाइपवर गुंडाळून ठेवा, घडीची रेघ जात नाही. स्टँडं परत कूलरखाली.

हिशेब: प्रोजेक्टर ९,५००, स्टिक २,८००, चौकट १,६५०, कापड ५५०, ताडपत्री ४५०, स्पीकरदुरुस्ती ४००, वायर ३५०, रिंगा १२०, वाया गेलेले पीव्हीसी ६४० आणि फ्लेक्स ३००. एकूण १६,७६०. वेळ: सात शनिवार सोडून चार रविवार.

भाच्याला ‘लपाछपी’ दाखवायचा राहिलाय. वारा पडला की एका संध्याकाळी, त्याच्या एकट्यासाठी.